दारूच्या धोरणावर सभासदानेही बोलले पाहिजे



वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण कशाकशावर बोलतो ते आठवून पाहा. उसाचा दर, वजनकाटा, तोडणीची पाळी, वाहतुकीची कपात, वारसाच्या नावावर न झालेले शेअर्स, सभासदांची साखर. डिस्टिलरीचा विषय निघाला तर दोनच प्रश्न विचारले जातात. नफा किती झाला आणि ओढ्याला येणारे घाण पाणी कधी थांबणार. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्या डिस्टिलरीतून निघालेल्या मालाचे पुढे काय होते, तो कुठे, कोणत्या भावाने आणि कुणाला विकला जावा, दुकान कुठे असावे आणि कुठे नसावे, हे ठरवणाऱ्या सरकारी धोरणावर बोलायला कुणी उठत नाही. एखादा उठलाच तर मागून आवाज येतो, "बसा बसा, पाव्हणं लई अनुभवी दिसत्यात!" सभा हसते आणि विषय तिथेच मिटतो.

दारूचे धोरण हा हसून मिटवण्यासारखा विषय नाही. त्याचे आपल्याशी तीन बाजूंनी नाते आहे. एक, मळी आपल्या उसाची. दुसरे, दारूच्या पायी उजाड होणारी घरे आपल्याच गावातली. आणि तिसरे, ज्याचे नाव कुणी मोठ्याने घेत नाही ते नाते म्हणजे आपल्यातले कित्येकजण कधीमधी घेतात. सुगी झाली, उसाचे बिल जमा झाले, पाव्हणा आला, की एखादी बिअर होते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वजण ती नसल्यासारखे वागतात.

सरकार जेव्हा दारूच्या नियमांवर लोकांच्या हरकती व सूचना मागवते, किंवा गावात दुकानाबद्दल मतदान होते, तेव्हा आपण सभासदांनी त्यात भाग घ्यावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. आणि त्यातही जो माफक घेणारा आहे, ज्याने घरदार सांभाळून हा शौक ठेवला आहे, त्याने तर अगोदर लिहावे. तो गप्प बसतो म्हणूनच त्याच्या नावाने दुसरेच बोलतात.

मळीचा हिशोब

प्रथम आपल्या उसाचे बघू. एक टन ऊस गाळला की साखर काढून उरलेली अखेरची मळी साधारण ४० ते ४५ किलो निघते. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास स्पिरिट होते. म्हणजे ज्या सभासदाचा १०० टन ऊस गेला, त्याच्या नावची मळी चार-साडेचार टन आणि स्पिरिट ९०० ते १,००० लिटर. हे सगळेच पिण्याकडे जात नाही. काही पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल होते, काही औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत जाते. पण समजा तेवढे सगळे देशी दारूकडे गेले, तर त्यातून १८० मिलिलिटरच्या दहा हजारांहून जास्त बाटल्या भरतील. शंभर टनवाला हा काही आपल्यात मोठा बागायतदार नव्हे. तेव्हा 'आपला काय संबंध' असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

या मळीचे नशीब सरकारी कागदावर कसे फिरते तेही बघा. १९९३ साली केंद्राने मळीवरील दराचे आणि वाटपाचे नियंत्रण उठवले. २०१२ साली रंगराजन समितीने साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा असे सुचवले, म्हणजे मळीचा भाव हा उसाच्या दराचा भाग आहे हे मान्य झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मळीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच सालच्या ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने एकाएकी बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या २०२४-२५ च्या हंगामासाठी उठवली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून यंत्रे बसवली होती त्यांचे त्या हंगामात काय झाले असेल, ते कर्ज काढलेल्या माणसाला सांगायला नको.

त्यावर आणखी एक गोष्ट झाली. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलसुद्धा राज्याच्या अधिकारात येते. १९८९ च्या सात न्यायाधीशांच्या निकालाने हा अधिकार केंद्राकडे मानला होता, तो निकाल यामुळे फिरला. याचा साधा अर्थ असा की आपल्या स्पिरिटाबाबत यापुढे मुंबईचे म्हणणे पूर्वीपेक्षा अधिक चालणार. आणि मुंबईला आपले म्हणणे कळवणे दिल्लीपेक्षा सोपे आहे. कळवले तर.

नियम होतात कसे

आपल्या राज्यात दारूचा मूळ कायदा १९४९ चा. नाव दारूबंदी कायदा, आणि त्याच कायद्याखाली दारूची दुकाने चालतात. यात विनोद वाटला तरी घडण अशीच आहे. मूळ नियम बंदीचा, आणि परवाना म्हणजे त्या बंदीतून दिलेली सूट. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवे, कडक दारूसाठी २५. कायद्याच्या लेखी परवाना घेऊन पिणारा माणूस चोर नाही, तो परवानाधारक आहे. त्याने आपले म्हणणे मांडायला लाजायचे कारण नाही.

या कायद्याच्या कलम १४३ खाली सरकार नियम करते. दुकान शाळेपासून किती दूर असावे, परवान्याची फी किती, विक्रीची वेळ कोणती, असे सगळे नियमांत असते. आणि त्याच कलमात सांगितले आहे की नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध केला पाहिजे. मसुदा प्रसिद्ध होतो, मुदत दिली जाते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. मात्र एक फट ठेवलेली आहे. नियम तातडीने लागू करायचे आहेत असे सरकारला वाटले तर आधी प्रसिद्ध न करताही ते करता येतात. आता ज्या मसुद्यावर कुणी लिहितच नाही, त्यावर सरकारला तातडी का वाटू नये? शेताच्या बांधावर राबता राहिला नाही की बांध कोरला जातो, तसाच हा प्रकार आहे.

गप्प कोण बसत नाही तेही सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरवरील शुल्क जास्त झाल्याने विक्री घटली, महसूल घटला, या तक्रारीवरून राज्य सरकारने एक अभ्यासगट नेमला. त्यात खात्याचे अधिकारी होते आणि बिअर उत्पादकांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी होता. उत्पादकाला जागा मिळाली याबद्दल तक्रार नाही, त्याचा धंदा आहे, त्याने बोलावे. पण बिअर पिणारा त्या गटात नव्हता. ज्या घरात पिणे होते त्या घरातली बाई नव्हती. ज्या गावात दुकान आहे तिथला सरपंच नव्हता.

नंतर १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मोठा निर्णय घेतला. सचिवांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीवरून विदेशी मद्यावरील शुल्क निर्मिती मूल्याच्या तीन पटीवरून साडेचार पट केले. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये केले. आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकार काढला. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या प्रकाराला १४८ रुपये आणि विदेशी मद्याला २०५ रुपये अशी ठरली. वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा महसूल मिळेल असा अंदाज सांगितला गेला.

या निर्णयात आपल्या कामाची एक ओळ होती. हा नवा प्रकार फक्त धान्यापासून करायचा आहे. मळीला त्यात जागा नाही. हे बरोबर की चूक यावर दोन मते होतील. धान्य पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत असे कुणी म्हणेल, त्यात गैर नाही. मळीचे स्पिरिट इथेनॉलकडे जाऊ द्या, पोटात कशाला, असेही कुणी म्हणेल आणि त्यात तर बरेच तथ्य आहे. पण देशी दारू पिणारा हळूहळू या नव्या बाटलीकडे वळला तर मळीच्या मागणीवर काय परिणाम होईल, हा प्रश्न ऊसवाल्याने विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? आपण तो विचारला का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

बोलले तर फरक पडतो का

"सरकार कुठं ऐकतंय?" हे वाक्य पारावर रोज ऐकू येते. त्याला दोन दाखले देतो.

पहिला वाइनचा. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली आणि नाशिक भागात वाइनरी उभ्या राहिल्या. द्राक्षवाल्यांनी आपले गाऱ्हाणे नीट मांडले, त्याचा त्यांना लाभ झाला. पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले. त्याला विरोध झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने मग जनतेच्या हरकती-सूचना मागवल्या आणि त्यानंतरच पुढे जाऊ असे सांगितले. ती विक्री पुढे सुरू झाली नाही. वाइन किराणा दुकानात असावी की नसावी याबद्दल आपले मत काहीही असो. लोक बोलले तेव्हा मंत्रिमंडळाचा झालेला निर्णयसुद्धा थांबला, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

दुसरा दाखला चंद्रपूरचा. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. महिलांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती चंद्रपूर जिल्ह्यातही लागू झाली. बंदी झाली, पण चोरटी दारू वाढली अशा तक्रारी येऊ लागल्या. २०२० साली जिल्हा प्रशासनाने लोकांचे म्हणणे मागवले तेव्हा सुमारे २ लाख ८२ हजार निवेदने आली. त्यांपैकी २ लाख ७० हजारांच्या आसपास बंदी उठवा म्हणणारी होती, बंदी राहू द्या म्हणणारी साडेबारा हजार. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवण्याचा निर्णय घेतला.

या आकड्यांवरून चंद्रपूरचे भले झाले की वाईट, ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण दोन गोष्टी दिसतात. २०१५ साली बंदी आली ती बायका बोलल्या म्हणून. २०२१ साली ती गेली, त्याला पाठबळ होते ते न बोलणारे बोलू लागले याचे. दोन्ही वेळा जो बोलला त्याच्या बाजूने काटा झुकला. आणि न बोलणाऱ्यांनी जर २०१५ च्या आधीच तोंड उघडले असते, दुकाने कमी करा, वेळ कमी करा, अमुक गावातले दुकान हलवा, असे मधले काही सुचवले असते, तर सहा वर्षे एका टोकाला आणि नंतर एकदम दुसऱ्या टोकाला जाण्याची पाळी कदाचित आली नसती.

उभी बाटली, आडवी बाटली

गावपातळीवर तर सरकारने आपल्या हातात मतपत्रिकाच दिली आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी दुकान बंद करण्याची मागणी केली, की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. दुकान चालू ठेवायचे तर उभी बाटली, बंद करायचे तर आडवी बाटली.

यातली मेख नीट समजून घ्या. बाटली आडवी व्हायला मतदारयादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. नुसत्या झालेल्या मतदानातली निम्मी पुरत नाहीत. समजा यादीत १,२०० महिला आहेत. मतदानाला ७०० आल्या. त्यांतल्या ५८० जणींनी आडवीला मत दिले, १२० जणींनी उभीला. कुणीही म्हणेल की आडवी जिंकली. पण लागत होती ६०१. बाटली उभीच राहिली. ज्या ५०० जणी घरी बसल्या, खुरपायला गेल्या, माहेरी होत्या, त्यांचे मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडल्यासारखेच झाले. म्हणून सभासद बंधूंनो, अशा मतदानाच्या दिवशी घरच्या बाईला रानात धाडू नका. तिला कोणते मत द्यायचे तेही शिकवू नका. तिला ते तुमच्यापेक्षा चांगले कळते.

आणखी एक गोष्ट. हंगामात आपल्या शिवारात उसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता. पहाटेपासून राबून जे मिळते ते उचलीतून कापले जाते, आणि राहिलेले कित्येकदा अड्ड्याजवळच्या दुकानात जाते. त्या कोपीतल्या बाईचे नाव आपल्या गावच्या मतदारयादीत नाही. तिला आडवी बाटली करता येत नाही, ग्रामसभेत बोलता येत नाही. तिच्या घामावर आपला ऊस कारखान्यात पोहोचतो. तिच्या वतीने बोलायचे असेल तर ते आपणच बोलायला हवे.

जो घेतो त्याने का बोलावे

आता जो कधीमधी बिअर घेतो त्याच्याकडे वळतो. त्याला वाटते, मी सही केली तर गावात नाव होईल. सोयरीक जुळायची पोरगी घरात आहे. बुवा-महाराजांच्या सप्ताहाचा मी वर्गणीदार. असा विचार करून तो मागे सरतो, आणि राहतात दोघेच. एकाला जास्त विकायचे आहे, दुसऱ्याला सगळेच बंद करायचे आहे. मधल्या माणसाचा अनुभव कागदावर येतच नाही.

खरे तर हा माणूस ज्या गोष्टी जाणतो त्या कुठल्याच अधिकाऱ्याला ठाऊक नसतात. कुठल्या दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेतात, बिल कुठे देत नाहीत, मिसरूड न फुटलेल्या पोराला कोण बाटली देतो, ढाब्यावर विनापरवाना काय चालते, उसाच्या बिलाच्या बोलीवर उधारी कोण लिहून ठेवतो, हे त्याला चोख माहीत असते. सांगणार कोण? न पिणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि दारूत बुडालेल्याला सांगण्याची शुद्ध नाही.

शिवाय दराचा प्रश्न आहे. बिअर होते जवापासून. त्यात आपल्या मळीचा थेंब नाही, तेव्हा या बाबतीत कुणी ऊसवाल्यावर स्वार्थाचा आरोप करू शकणार नाही. ६५० मिलिलिटरच्या पाच टक्केवाल्या बिअरच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल असते ३२ मिलिलिटरच्या आसपास. तीच बाटली आठ टक्क्यांची कडक बिअर असेल तर ५२ मिलिलिटर. आणि देशी दारूच्या ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलिलिटरमध्ये ७७ मिलिलिटर. बिअर म्हणजे ताक नव्हे, रोज चार बाटल्या रिचवणाऱ्याचे यकृत हा हिशोब विचारत नाही. पण सौम्य पेय महाग आणि कडक पेय स्वस्त असे दर ठेवले, तर खिशात शंभर रुपये असलेला माणूस कुठे वळेल, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. शुल्काचा भार बाटलीतल्या अल्कोहोलच्या प्रमाणात असावा, सौम्य बिअर आणि कडक बिअर यांना एकाच मापाने मोजू नये, ही मागणी बिअर पिणाऱ्याने करण्यासारखी आहे. कंपनीला सौम्य विकले काय नि कडक विकले काय, खप वाढला की झाले.

आणि इथे आपण सभासदांनी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माणूस बिअर सोडून देशीकडे वळला तर मळीचा खप वाढतो. म्हणजे आपल्या खिशाला जे बरे, ते आपल्या गावाला बरे असेलच असे नाही. हे ओझे मनाशी ठेवूनच आपण लिहायचे आहे. त्यातून ज्याला वाटेल त्याने स्पष्ट मागावे की आमची मळी इथेनॉलकडे, औषधांकडे, रसायनांकडे जाऊ द्या, त्याला चांगला दर द्या, म्हणजे पिण्याच्या दारूच्या खपावर आमचे बिल अवलंबून राहणार नाही. ऊसवाल्याने ही मागणी केली तर तिला वजन येईल. इतरांनी केली तर ती नुसते भाषण ठरते.

बंदी आणि महागाई यांच्या फटीतून विषारी दारू शिरते हेही विसरू नका. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलमुळे. मिथेनॉल हे उद्योगात वापरायचे वेगळेच रसायन आहे, आपल्या मळीच्या स्पिरिटाशी त्याचा संबंध नाही. पण पिणाऱ्या गरिबाला डोळ्यांनी तो फरक कळत नाही.

विलायतेतला एक प्रकार सांगण्यासारखा आहे. तिथे १९७१ साली काही बिअरशौकिनांनी एकत्र येऊन संघटना काढली. मोठ्या कंपन्या जुन्या पद्धतीची बिअर मोडीत काढत होत्या, त्याविरुद्ध ती उभी राहिली. पिणाऱ्यांची संघटना म्हणून तिला कुणी हसले असेल, पण कर, परवाने, गावातले पब बंद पडणे यांवर ती सरकारला लेखी म्हणणे देत आली आहे. इंग्लंडात २००३ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलला परवान्यांचे धोरण लिहून प्रसिद्ध करावे लागते. आता त्याची मुदत पाच वर्षांची आहे. ठरवण्यापूर्वी तिथल्या रहिवाशांचेही म्हणणे घ्यावे लागते. आपल्याकडची माणसे, रीतीभाती वेगळ्या आहेत, त्यांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. पण तालुक्यात किती दुकाने असावीत, कुठे असावीत, यावर दर पाच वर्षांनी लोकांना विचारण्याची पद्धत आपल्याकडेही असावी, अशी सूचना करायला काय हरकत आहे?

करायचे काय

पहिले, मसुद्यावर नजर ठेवावी. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मसुदा निघाला की त्याची बातमी वर्तमानपत्रात येते. गट ऑफिसच्या फळ्यावर तिचे कात्रण आणि शेवटची तारीख लावावी, अशी विनंती मी शेतकी खात्याला करतो. मुदत टळल्यावर पाठवलेले पत्र म्हणजे पाऊस होऊन गेल्यावर केलेली पेरणी.

दुसरे, साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत लिहावे. वर मसुद्याचा क्रमांक आणि तारीख, खाली नाव, गाव, सही. नियमातली कोणती बाब मान्य नाही, का नाही, आणि तिच्या जागी काय असावे, या तीन गोष्टी आल्या की पत्र पूर्ण झाले. एकाच मजकुराच्या छापील पत्रांवर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा जणांनी दहा निरनिराळे अनुभव लिहिलेले बरे. पत्राची एक प्रत जवळ ठेवावी आणि पोच घ्यावी.

तिसरे, कारखान्याने आपल्या वतीने लिहावे अशी अपेक्षा धरू नये. मळीच्या दराबद्दल संचालक मंडळाने जरूर लिहावे, ते त्याचे कामच आहे. पण गावातल्या दुकानाबद्दल, वेळेबद्दल, पोरांच्या हातात जाणाऱ्या बाटलीबद्दल सभासदाने माणूस म्हणून लिहायचे आहे. दोन्ही पत्रे एकाच पाकिटात घालू नयेत.

चौथे, ग्रामसभेला जावे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नव्या परवान्याचा किंवा दुकान हलवण्याचा विषय असेल तर बोलावे आणि बोललेले इतिवृत्तात लिहिले गेले का, ते सही करण्यापूर्वी वाचावे.

पाचवे आणि शेवटचे, एकमेकांना हसणे बंद करावे. घेणारा उठून म्हणाला, "होय, मी घेतो, पण शाळेजवळचे दुकान मला नको," तर ते वाक्य गावात कुणाच्याही भाषणापेक्षा जड आहे. त्याला टोमणा मारला की पुढच्या दहाजणांची तोंडे बंद होतात.

सहकाराचा अर्थ आपल्या वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात सांगितला होता, की आपल्या मालाचा निर्णय आपण करायचा. उसाच्या दरासाठी आपण रस्त्यावर बसलो, काटा तपासून घेतला, हिशोब मागितला. त्याच उसाचा एक भाग बाटलीत जाऊन आपल्याच गावात परत येतो. तो कसा यावा, किती यावा, कुणाच्या दारात येऊ नये, हा हिशोबही आपलाच आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा आपल्या गटातून निदान पाच पत्रे तरी जावीत, आणि त्यांतले एक जो घेतो त्याचे, एक त्याच्या घरच्या बाईचे असावे, एवढीच या निमित्ताने सर्व सभासदांना नम्र विनंती.

– एक ऊस उत्पादक सभासद